वाचनालयातल्या चार चिठ्ठ्या

हा लेख लिहिण्याआधी मी माझ्या नणंदेला विचारले. आजार तिचा होता, तेव्हा परवानगीही तिचीच हवी. ती आता तिच्या सासरी सुखात आहे, एका मुलीची आई आहे. फोनवर म्हणाली, "लिहा भाभी. माझं नाव टाकू नका, बाकी सगळं लिहा. पण ताटाचंही लिहा."

मी गप्प झाले. कारण ताट मीच वेगळे केले होते.

२०१९ च्या जानेवारीतली गोष्ट. ती कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. दिवाळीनंतर खोकला सुरू झाला तो थांबेना. मेडिकलमधून दोन बाटल्या सिरप आणून झाले, आले-मध झाले, मोहल्ल्यातल्या एका बुजुर्गांकडून पाणी दम करून आणले. संध्याकाळी अंगात कणकण असायची, जेवण कमी झाले, ओढणीखाली गळ्याची हाडे दिसू लागली. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला राहिला तर थुंकी तपासून घ्यावी, हे साधे वाक्य आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हते. शेवटी हे तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. थुंकी तपासली आणि फुप्फुसाचा टीबी निघाला.

उपचार लगेच सुरू झाले आणि मोफत झाले. सहा महिने रोज गोळ्या, वजनाप्रमाणे. पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन. डॉक्टर म्हणाले, "एकही दिवस चुकवू नका, मुलगी पूर्ण बरी होईल."

घरी आल्यावर अम्मींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, दार लावून घेतले आणि आम्हा सगळ्यांना एकच सांगितले, "बाहर किसे बोलू नको." मुलगी एकोणीस वर्षांची. दोन ठिकाणांहून रिश्त्याची विचारणा झालेली. टीबीचे नाव फुटले तर निकाह कोण करील, ही त्यांची भीती. ती खोटी होती असे आजही म्हणता येणार नाही.

माझी भीती वेगळी होती. माझा मुलगा तेव्हा दोन वर्षांचा होता. दिवसभर फुफीच्या मांडीवर खेळणारा, तिच्याच हातून घास खाणारा. मी त्याच दिवशी एक स्टीलचे ताट, वाटी आणि पेला बाजूला काढला. धुताना घोटाळा नको म्हणून ताटाच्या काठावर खिळ्याने फुलीची खूण केली. तिचे जेवण मागच्या खोलीत जाऊ लागले. आमच्याकडे रात्री सगळे एका दस्तरखानावर बसतात. तिची जागा रिकामी राहिली. काही दिवसांनी आम्ही सरकून बसलो, मग ती रिकामीही दिसेना.

तिने एकदाही तक्रार केली नाही. जेवण झाले की स्वतःच ताट धुऊन खिडकीत पालथे घालायची.

त्याच आठवड्यात सरकारी दवाखान्यातून एक कर्मचारी घरी चौकशीला आले. घरात किती माणसे, कुणाला खोकला आहे का, सहा वर्षांखालचे मूल आहे का, असे विचारत होते. अम्मी दारातच म्हणाल्या, "लहान मूल नाही." अंगणवाडीत कळेल, मग गल्लीत कळेल, असे त्यांना वाटले. माझा मुलगा आत झोपला होता. मी पडद्यामागे उभी होते आणि मीही काही बोलले नाही.

माझे माहेर वाचणाऱ्यांचे. आमचे अब्बा मराठी शाळेत शिकलेले, रोज संध्याकाळी वाचनालयात वर्तमानपत्र वाचून मगच घरी येत. लग्न होऊन या गावात आल्यावर मीही इथल्या सार्वजनिक वाचनालयाची वर्गणी भरली. महिन्यातून दोनदा जाऊन कथा-कादंबऱ्या आणायचे. फेब्रुवारीत मी गेले ती आरोग्याच्या कपाटाकडे.

पुस्तक मी घरी नेले नाही, कपाटाजवळ उभ्यानेच वाचले. घरी न्यायचे तर रजिस्टरात माझे नाव आणि त्याच्याशेजारी क्षयरोगावरच्या पुस्तकाचे नाव लागले असते. आमच्यासारख्या गावात एवढे पुरे. पुस्तक जुने होते, पाने पिवळी पडलेली. त्यात लिहिले होते की रुग्णाला कोरड्या, मोकळ्या हवेच्या ठिकाणी ठेवावे, त्याची भांडी वेगळी ठेवावीत, उकळून घ्यावीत. दादीसुद्धा असेच सांगायच्या. त्यांच्या लहानपणी टीबी झाला की माणसाला मिरजेजवळच्या वानलेसवाडीच्या सॅनेटोरियममध्ये न्यायचे. पुस्तकातही तेच आहे म्हटल्यावर मला बरे वाटले. मी केले ते बरोबरच केले, असा दाखला मिळाला.

नंतर दोनदा मी त्याच कपाटाशी उभी राहिले. ग्रंथपाल बाईंनी पाहिले असणार. त्यांनी काही विचारले नाही. मात्र पुढच्या वेळी गेले तेव्हा मागच्या टेबलावर आरोग्याच्या पुस्तिका मांडून ठेवलेल्या होत्या. मधुमेह, रक्तदाब, गरोदरपण, टीबी, मानसिक आजार, सगळ्यांवरच्या. वर एक कागद लावला होता: 'इथे बसून वाचावे. नोंद करण्याची गरज नाही.' आणि ते पिवळ्या पानांचे पुस्तक आरोग्याच्या कपाटात नव्हते. बाईंनी ते जुन्या ग्रंथांत हलवले होते आणि आत चिठ्ठी चिकटवली होती की यातील उपचारांची माहिती आता बदलली आहे. मला हे फार मोठे काम वाटते. चुकीच्या जागी राहिलेले जुने पुस्तकही माणसाला फसवू शकते, आणि पुस्तकात छापले आहे म्हणून आपण त्यावर जास्तच विश्वास ठेवतो.

२४ मार्च हा जागतिक क्षयरोग दिन. १८८२ साली याच दिवशी रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये टीबीचा जंतू सापडल्याचे जाहीर केले, म्हणून हा दिवस पाळतात. त्या वर्षी तो रविवारी आला होता. वाचनालयाने सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना बोलावले. आठवडाभर आधी दारात एक पुठ्ठ्याची पेटी ठेवली. वर लिहिले होते: 'प्रश्न चिठ्ठीवर लिहून टाका. नाव लिहू नका.' बाईंनी सगळ्या देवळांना, मशिदीला, बौद्ध विहाराला निरोप दिला होता. आमच्या मशिदीत शुक्रवारी जुम्याच्या नमाजनंतर कार्यक्रमाचे एलान झाले.

मी एक चिठ्ठी टाकली. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हाताने लिहिली. 'घरात टीबीचा रुग्ण असेल तर त्याचे ताट वेगळे ठेवावे का? घरात लहान मूल आहे.'

रविवारी पस्तीस-चाळीस माणसे आली होती. मी बायकांच्या रांगेत मागे बसले. थोड्या वेळाने पाहते तर पुढे पुरुषांच्या खुर्च्यांमध्ये आमचे सासरे, बाबा, टोपी नीट करत बसलेले! एलान ऐकून आले होते. मी येणार हे त्यांना माहीत नव्हते, ते येणार हे मला माहीत नव्हते. आम्ही एकमेकांकडे पाहिले आणि दोघांनीही नजर फिरवली.

डॉक्टरांनी पेटी उघडली. एकेक चिठ्ठी वाचून उत्तर देऊ लागले. थोड्या वेळाने त्यांनी चार चिठ्ठ्या एकत्र हातात धरल्या. म्हणाले, "या चौघांचा प्रश्न एकच आहे. ताट-वाटी वेगळी करायची का?"

चार! मला वाटत होते की अख्ख्या गावात हे ओझे आमच्याच घरावर आहे. त्या खोलीत आणखी तीन घरे होती. कोण, ते मला आजही माहीत नाही. त्यांनाही आमचे माहीत नाही.

डॉक्टरांनी सांगितलेले मी जसे आठवते तसे लिहिते. फुप्फुसाचा टीबी हवेतून पसरतो. रुग्ण खोकतो, शिंकतो, मोठ्याने बोलतो तेव्हा जंतू हवेत जातात आणि बंद खोलीत तरंगत राहतात. ताट, पेला, कपडे, अंथरूण, हात मिळवणे यांतून तो पसरत नाही. म्हणून खिडक्या उघड्या ठेवा, खोकताना तोंडावर रुमाल धरा, सुरुवातीच्या आठवड्यांत मास्क वापरा आणि गोळी चुकवू नका. औषध नीट लागू पडले की संसर्ग देण्याची शक्ती झपाट्याने कमी होते. घरच्यांना धोका जास्त असतो तो आजार ओळखण्याआधीच्या काळात, जेव्हा कुणालाच काही माहीत नसते.

मग ते म्हणाले, "हे माझे मत नाही. याचा पुरावा आपल्याच देशात मिळालेला आहे."

१९५६ साली मद्रासमध्ये, म्हणजे आताच्या चेन्नईत, टीबीच्या औषधोपचारावर संशोधन करणारे केंद्र सुरू झाले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांनी मिळून ते उभे केले. प्रश्न असा होता: रुग्ण लाखो आणि सॅनेटोरियममधल्या खाटा थोड्या. मग घरीच औषध दिले तर चालेल का? त्यांनी शहरातल्या गरीब, दाटीवाटीच्या वस्त्यांतले १९३ रुग्ण घेतले. कोण घरी राहणार आणि कोण सॅनेटोरियमला जाणार, हे डॉक्टरांच्या किंवा रुग्णाच्या मर्जीवर न ठेवता सोडतीसारखे ठरवले. दोन्हीकडे वर्षभर तीच औषधे. सॅनेटोरियममध्ये चांगले जेवण, विश्रांती, परिचारिका. घरी एक-दोन खोल्या, कामाची दगदग, अपुरे अन्न. तरी वर्षअखेरीस घरी राहिलेले रुग्ण जवळजवळ तेवढ्याच प्रमाणात बरे झाले. पुढची काही वर्षे त्यांच्या घरच्या माणसांवरही लक्ष ठेवले. रुग्णाला घरी ठेवले म्हणून घरच्यांना टीबी जास्त झाला, असे दिसले नाही. यातले मुख्य निष्कर्ष १९५९ साली प्रसिद्ध झाले आणि जगभर टीबीच्या रुग्णांना घरीच औषध देण्याची पद्धत रूढ व्हायला मोठी मदत झाली.

मी मनात हिशेब केला. १९५९ ते २०१९. हे ज्ञान चेन्नईहून लंडन-जिनिव्हाला पोचले होते. आमच्या गल्लीत यायला त्याला साठ वर्षे लागली, तीही एका पुठ्ठ्याच्या पेटीमुळे.

पण मला खरा धक्का पुढच्या वाक्याने बसला. डॉक्टर म्हणाले, "या चार चिठ्ठ्यांपैकी एकीत लिहिले आहे की घरात लहान मूल आहे. ताटाची काळजी सोडा, त्या मुलाला आधी घेऊन या. लहान मुलांमध्ये टीबी लवकर बळावतो, मेंदूपर्यंत जाऊ शकतो. बीसीजीची लस दिलेली असली तरी ती पूर्ण हमी नाही. मुलाची तपासणी करू. आजार नसेल तर आजार होऊ नये म्हणून सहा महिने आयसोनियाझिडची गोळी देऊ. ती मोफत आहे."

मी ताट वेगळे केले, खूण केली, उकळत्या पाण्याने भांडी धुतली. आणि माझ्या लेकराला जी गोळी खरोखर वाचवणार होती, ती विचारायला आलेल्या माणसाला आम्ही दारातून परत पाठवले. अडीच महिने गेले होते.

घरी येताना बाबा माझ्या चार पावले पुढे चालत होते. गल्लीच्या तोंडाशी थांबले. म्हणाले, "चिठ्ठी तुझी होती?" मी मान हलवली. ते म्हणाले, "उद्या सकाळी पोराला मी नेतो."

आणि नेले. सकाळी आठ वाजता कडेवर घेऊन गेले. तपासणी झाली, एक्स-रे काढला. अल्हमदुलिल्लाह, मुलाला काही नव्हते. गोळी सुरू झाली. सहा महिने ती मीच कुस्करून पाजली.

अम्मी मात्र ताटाच्या बाबतीत ऐकेनात. डॉक्टरांचे काय, ते बोलतात, असे त्यांचे म्हणणे. मी सांगितले असते तर सुनेचे शहाणपण ठरले असते. बाबांनी सांगितले म्हणून निदान भांडण झाले नाही. बाबांनी वाचनालयातून पुस्तिका आणली. बाईंनी दिलीच होती, घरी ठेवा म्हणून. रात्री ते अम्मींना थोडे थोडे वाचून दाखवायचे. आम्ही घरात दखनी बोलतो, पण शाळा सगळ्यांची मराठी. ती पुस्तिका इंग्रजीत असती तर कुणी उघडलीही नसती. मोबाइलवर येणाऱ्या आवाजी संदेशांवर बाबांचा विश्वास नव्हता, कारण कोण बोलतोय तेच कळत नाही. छापील कागदावर खाते, वर्ष आणि पत्ता होता. त्यांनी तो आधी पाहिला.

मे महिन्यात रमजान आला. नणंदेचे उपचार सुरू होते म्हणून डॉक्टरांनी रोजे ठेवू नका असे सांगितले होते. आजाऱ्याला ही सवलत अल्लाहनेच दिली आहे, राहिलेले रोजे बरे झाल्यावर पुरे करता येतात. पहिल्या रोज्याची इफ्तार. दस्तरखान अंथरले, खजूर, कलिंगड, भजी मांडली. अजानला दोन मिनिटे असताना अम्मी उठल्या, मागच्या खोलीत गेल्या आणि मुलीला हाताला धरून घेऊन आल्या. आपल्या शेजारी जागा केली. ती बसेना. माझ्याकडे पाहून म्हणाली, "भाभी, माझी वाटी?"

मी काय उत्तर दिले ते आठवत नाही. माझा मुलगा मात्र सरळ तिच्या मांडीवर जाऊन बसला. एवढे महिने त्याला कुणी काही समजावून सांगितले नव्हते, फक्त अडवले होते.

जुलैमध्ये तिचे औषध संपले, तपासणी चांगली आली. ताट आजही मांडणीत आहे. खूण गेलेली नाही. जेवायला वाढताना ते कुणाच्याही वाट्याला येते.

वाचनालयाशी माझा संबंध त्यानंतर वाढला. २०२३ साली बाईंनी आरोग्याच्या फलकावर एक कात्रण लावले. झारखंडमधल्या चार जिल्ह्यांत झालेला एक अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात आला होता. टीबीच्या २,८०० रुग्णांच्या घरांतली दहा हजारांहून अधिक माणसे त्यात होती. अर्ध्या घरांत फक्त रुग्णाला जादा शिधा दिला, उरलेल्या घरांत घरातल्या सगळ्यांना तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. ज्या घरांत सगळ्यांना शिधा मिळाला, तिथे घरच्यांना टीबी होण्याचे प्रमाण जवळजवळ ४० टक्क्यांनी कमी राहिले. ते वाचताना मला माझेच ताट आठवले. आम्ही ते वेगळे करण्यात दिवस घालवले, खरे तर ते नीट भरलेले आहे का हे बघायला हवे होते, आणि फक्त तिचेच नव्हे, सगळ्यांचे. टीबीच्या रुग्णाला सरकारकडून पोषणासाठी थेट खात्यात पैसे मिळतात. २०१८ पासून महिन्याला ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले. हे मला त्याच फलकावरून कळले. घरच्यांसाठीचे नियमही बदलले आहेत. पूर्वी प्रतिबंधक औषध प्रामुख्याने लहान मुलांना देत, आता घरातल्या मोठ्यांनाही आजार नाही याची खात्री करून ते देण्याचे धोरण आहे.

ग्रंथपाल काही डॉक्टर नव्हेत. आमच्या बाईंनी कधी कुणाला औषध सांगितले नाही. त्यांनी एवढेच केले की जुने कोणते आणि नवे कोणते ते वेगळे लावले, जाणकाराला बोलावले, आणि माणसाला नाव न सांगता विचारता येईल अशी सोय केली. दवाखान्याच्या रांगेत उभे राहिले की लोकांना कळते कुणाला काहीतरी झाले आहे. वाचनालयात शिरणाऱ्याला कोणी विचारत नाही की तुमच्या घरात कोण आजारी आहे. आपल्यासारख्या, आजार झाकून ठेवणाऱ्या घरांना याची किती गरज आहे, ते मी अनुभवले.

महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे. अ, ब, क, ड अशा वर्गांतली हजारो वाचनालये शासनाच्या अनुदानावर आणि लोकांच्या वर्गणीवर चालतात. तो पैसा आपलाही आहे. तरी आपल्या मोहल्ल्यातली किती घरे तिथे सभासद आहेत? आणि बायका किती? माझी वाचकांना विनंती आहे. आपल्या गावच्या वाचनालयात एकदा जा. आरोग्याचे कपाट बघा, पुस्तके कोणत्या वर्षीची आहेत ते पाहा. जुनी असतील तर सूचना वहीत लिहा. डॉक्टरांचे व्याख्यान ठेवायला सांगा आणि चिठ्ठ्यांच्या पेटीची आठवण करून द्या. मशिदीतून त्याचे एलान व्हावे म्हणून जमातीच्या मंडळींशी बोला. आणि जाताना घरातल्या सुनेला, मुलीला बरोबर न्या. घरातली भांडी कोण वेगळी करते आणि मुलाला गोळी कोण पाजते, हे आपल्याला माहीतच आहे.

आमच्या वाचनालयातली ती पेटी आता पत्र्याची आहे. बाई महिन्याच्या शेवटी ती उघडतात. ताटाचा प्रश्न अजूनही अधूनमधून येतो, असे त्या सांगतात.